पाच मोजेपर्यंत

सोमवार, ४ डिसेंबर

आजपासून ही वही. हौस म्हणून नाही, हुकूम म्हणून. काल रात्री जेवताना मी परतीच्या नळीबद्दल काहीतरी सांगत होतो, तर हिने ताटावरून मान वर न करता सांगितलं, "उठता व्हॉल्व्ह, बसता व्हॉल्व्ह. उद्या माझं काही बरंवाईट झालं तरी तुम्ही आधी प्रेशर बघाल. काय ते वहीत लिहा आणि घरात माणसांसारखं बोला." तिचा धाकटा भाऊ समोरच होता. तो आमच्याच कारखान्यात जुळणीला आहे, आणि एकटा राहत असल्यामुळे जेवायला रोज आमच्याकडे. तो म्हणाला, "ताई, दाजींकडून व्हॉल्व्ह काढून घेतला तर बोलायला उरेल काय?" दोघं बहीण-भाऊ पोटभर हसले.

तर लिहितो. आम्ही फवारणीची मशिनं बनवतो, ट्रॅक्टरमागे जोडायची. मधे लोखंडी चौकट, तिला दोन्हीकडे नऊ-नऊ मीटरचे पंख, पंखांवर नोझल. सगळं मिळून सहाशे किलो. ते वर उचलून धरतं तेलाचं सिलेंडर, आणि तेलाने कुठे जायचं, कुठे थांबायचं ते ठरवतो व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हमधून मिनिटाला किती तेल जातं ते मी मोजतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे लिव्हर मधोमध असताना, म्हणजे तेलाने थांबायला हवं तेव्हा, ते किती चोरून जातं तेही मोजतो. परतीची नळी मापाच्या ग्लासात धरायची आणि घड्याळ लावायचं. मिनिटाला पन्नास मिलीच्या आत असेल तर पास. जास्त असेल तर पंख वर थांबत नाहीत, आपोआप खाली येत राहतात. बावीस वर्षं हेच करतोय आणि माझ्या सहीशिवाय एकही मशिन गेटबाहेर जात नाही. मला तरी हे जेवताना सांगण्यासारखं वाटतं.

गुरुवार, ७ डिसेंबर

क्वालिटीला नव्या मॅडम आल्यात. त्यांचं वय माझ्या नोकरीपेक्षा फार जास्त नसेल. आज माझ्या जागेवर येऊन टेस्टचा कागद वाचत उभ्या राहिल्या. 'तेलाचं तापमान ५०' यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे कशाने मोजलंत?"

मी तळहात दाखवला.

"थर्मामीटर कुठंय?"

"आहे की. काटा चौतीसवर अडकलाय. तीन वर्षांपूर्वी स्टोअरला चिठ्ठी दिली होती, ती अजून फिरतेय."

मग त्यांना नीट समजावलं. थंड तेल घट्ट असतं, बारीक फटीतून जात नाही. व्हॉल्व्ह आतून सैल असला तरी थंड तेलात अगदी साळसूद दिसतो. शेतात दोन तास चालून तेल पातळ झालं की त्याचे खरे गुण कळतात. म्हणून प्रत्येक मशिनमध्ये नवं तेल भरायचं, पंप चालवून ते पन्नास अंशांपर्यंत तापवायचं आणि मगच ग्लास धरायचा. पन्नास ओळखायची रीत मला माझ्या वस्तादांनी शिकवली. टाकीला तळहात लावून मनात मोजायचं. दहापर्यंत टिकला तर तेल कच्चं. तीनलाच उचलावा लागला तर पुढे गेलं. बरोबर पाचाला हात आपोआप सुटला की पन्नास. पोरं मला थर्मामीटर म्हणतात ते उगीच नाही.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "आणि हाताची तपासणी कधी करता?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. माणूस हुशार आहे, पण जरा कोरडं.

बुधवार, २० डिसेंबर

थंडी कडक आहे म्हणतात. सकाळी हिच्याशी वाजलं. आंघोळीचं पाणी इतकं कढत की हात घालवेना. मी ओरडलो, तर ती आली, बादलीत कोपरापर्यंत हात बुडवून उभी राहिली आणि म्हणाली, "कोमट आहे. नाटकं करू नका." बायकांचे हात भांडी घासून निबर होतात, त्यांना काय कळणार.

कारखान्यात चांगलं चाललंय. गेल्या वर्षी या दिवसांत एकेका मशिनचं तेल तापवायला चाळीस-चाळीस मिनिटं जायची. यंदा वीस मिनिटांत हात सुटतो. पंप नवे आलेत, त्याचा परिणाम असावा. आठवड्याला सहाऐवजी दहा मशिनं जातात.

मंगळवार, २ जानेवारी

लिहिण्यासारखं काही नाही. रात्री पाय पांघरुणाबाहेर काढल्याशिवाय झोप येत नाही, तळव्यांची नुसती आग. दोनदा-तीनदा उठणं होतं. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवतो, सकाळी तो रिकामा असतो. ही म्हणते डॉक्टरला दाखवा. मेहुणा म्हणतो, "दाजींचा बॉयलर वयात आलाय." मला वाटतं कॅन्टीनच्या तिखटाने होत असेल.

गुरुवार, १८ जानेवारी

मोठ्या साहेबांनी आज सगळ्यांसमोर पाठ थोपटली. थंडीच्या दिवसांत इतकी मशिनं कधीच बाहेर पडली नव्हती. "टेस्टिंगमुळे माल अडत नाही हे पहिल्यांदाच पाहतोय," असं म्हणाले. मेहुणा मागे उभा राहून असा फुगला होता की जणू त्याचाच सत्कार.

मॅडमनी मात्र विरजण घातलंच. माझे जुने कागद काढून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मागच्या जानेवारीत तापवायला चाळीस मिनिटं, या जानेवारीत अठरा. का?"

"अनुभव म्हणतात त्याला," मी म्हटलं.

"अनुभवाने तेल लवकर तापतं?"

प्रत्येक गोष्टीत खोट काढायची म्हणजे काढायचीच. डिसेंबरपासून व्हॉल्व्ह नव्या ठिकाणाहून येतायत, स्वस्तातले, त्यावरही त्यांचा विश्वास नाही. मी सांगितलं, व्हॉल्व्ह कुठूनही येऊ दे, माझ्या ग्लासातून जायचाच आहे. जाताना म्हणाल्या की थर्मामीटर त्यांनी स्वतः मागवलाय. मागवा म्हटलं.

गुरुवार, १ फेब्रुवारी

आमच्या मशिनखाली माणूस गेला. मशिन नंबर चारशे सतरा. सकाळभर फवारणी करून चालक दुपारी जेवला आणि पंख वर उचललेले होते त्यांच्या सावलीत, मधल्या चौकटीखाली, आडवा झाला. चौकट खाली आली. कोसळली नाही, हळूहळू आली. इंजिन चालूच होतं, त्यामुळे तो ओरडला असेल तरी कुणाला ऐकू गेलं नाही.

कागद काढून पाहिला. चारशे सतरा, ९ जानेवारी, तापमान ५०, गळती २२ मिली, माझी सही. पन्नास चालते तिथे बावीस. व्हॉल्व्ह सोन्यासारखा होता.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

साहेब, मॅडम आणि मी जागेवर जाऊन आलो. मशिन तिथेच होतं. पोलिसांसमोर इंजिन दोन तास चालवलं, पंख वर घेतले, लिव्हर मधोमध ठेवला. चौकटीच्या कडेला मी खडूने खूण केली होती. मिनिटाला चार बोटं खाली. बघत उभं राहवेना. जमिनीवर त्याची चप्पल तशीच होती, एक सुलटी, एक उलटी.

त्याचे वडील बांधावर बसले होते. मी पाणी द्यायला गेलो तर म्हणाले, "हे तपासून बघणारं कुणी असतं का तुमच्याकडे?"

"असतं. मीच बघतो."

"हे बघितलं होतं?"

"बघितलं होतं. चांगलं होतं."

त्यांनी मान हलवली. "मग तुमचा काय दोष," असं म्हणून पाणी प्यायले. मला रडू आलं, पण सोबत साहेब होते.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

चौकशी बसली. साहेबांचा मुद्दा सरळ आहे. टेस्टच्या वेळी व्हॉल्व्ह चांगला होता, तसा कागद आहे. टेस्टनंतर रंगकामासाठी नळ्या काढल्या जातात आणि रंग वाळल्यावर परत बसवतात. तेव्हा नळ्यांची तोंडं उघडी राहिली तर बारीक कचरा आत जातो, व्हॉल्व्हच्या आतल्या दांड्यावर ओरखडे पडतात आणि गळती सुरू होते. नळ्या बसवणारा कोण, तर माझा मेहुणा.

मला विचारलं, "तुमच्या हातून गेला तेव्हा व्हॉल्व्ह कसा होता?"

काय सांगणार? "चोख होता," म्हणालो. खोटं बोलायची मला सवय नाही.

मेहुण्याला विचारलं, नळ्यांना टोपणं लावली होतीस का. तो आधी "लावली होती" म्हणाला, मग "नेहमी लावतो" म्हणाला, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "बहुतेक लावली असतील." मूर्खासारखं उत्तर. 'बहुतेक' कुठे म्हणायचं असतं?

मॅडमनी विचारलं की याच्या आधीची मशिनं परत मागवायची का. डिसेंबरपासून चौऱ्याण्णव गेलीत. साहेब म्हणाले, "एका माणसाची एका मशिनवरची चूक आहे. चौऱ्याण्णव मशिनं परत आणून कारखान्याला कुलूप लावू का?"

शुक्रवार, ९ फेब्रुवारी

मेहुण्याला घेऊन गेले. निष्काळजीपणाने मृत्यू, असं कलम. ही कारखान्याच्या गेटपर्यंत पळत आली होती, पायात माझ्या चपला. गाडी निघून गेल्यावर मला म्हणाली, "तुम्ही साहेबांशी बोला. तुमचा शब्द ते खाली पडू देत नाहीत." मी म्हटलं, माझ्या शब्दावरच तर सगळं उभं आहे. तिला ते कळलं नाही.

रविवार, ११ फेब्रुवारी

कोठडीत भेटून आलो. चार दिवसांची दाढी वाढली असावी असा दिसतो, झालेत दोनच. गजाला धरून उभा होता. म्हणाला, "दाजी, एक विचारू? तुम्ही पास केला तेव्हा तेल पन्नास होतं ना?"

"होतं."

"मग माझंच चुकलं. दोन रात्री विचार करतोय. टोपणं लावल्याचं आठवतं, पण मग गळेल कसं? तुमचा हात चुकत नाही. म्हणजे मला आठवतंय तेच खोटं."

त्याचा समजूतदारपणा पाहून भरून आलं. मी म्हटलं, कबूल करून टाक, लवकर सुटशील. तो "बरं" म्हणाला. उद्या जबाब लिहून देणार आहे. लहानपणी बहिणीचा फ्रॉक धरून फिरणारा पोरगा. वाईट वाटलं.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

थर्मामीटर आला. मॅडम दोन दिवस बाहेरगावी आहेत, म्हणून मीच बसवला. सकाळी आठला मी एकटाच होतो. मशिन लावलं, पंप सुरू केला, पंधरा-सोळा मिनिटांनी टाकीला हात लावला. एक, दोन, तीन, चार, पाच, हात सुटला. काट्याकडे पाहिलं तर सव्वीस.

थर्मामीटर बिघडलेला असणार म्हणून कॅन्टीनमध्ये नेला आणि चहाच्या उकळत्या पाण्यात धरला. अठ्ठ्याण्णव. परत आणला. परत सव्वीस.

मग मी एक केलं. बाकावर बसवलेली, काम आवळून धरायची व्हाइस आहे, लोखंडाची, रात्रभर थंडीत पडून असलेली. तिच्यावर तळहात ठेवला आणि मोजायला लागलो. सहाला उचलावा लागला. आग आग होत होती. डाव्या हाताने तेच केलं. तेच झालं. भिंतीला लावला, दाराच्या कडीला लावला. काहीच थंड नव्हतं.

पंप चालू ठेवून तेल काट्याने पन्नासपर्यंत नेलं. एक्केचाळीस मिनिटं लागली. ग्लास धरला. थंड तेलात याच मशिनची गळती एकोणीस आली होती. आता एकशे पासष्ट.

रंगवून तयार असलेलं आणखी एक मशिन ओढून आणलं. माझ्या सहीचं. त्याची एकशे चाळीस. या मशिनच्या नळ्या अजून बसवल्याच नव्हत्या, तपासण्यापुरत्या मीच जोडल्या. म्हणजे मेहुण्याचा हात त्याला लागलाच नव्हता.

चौऱ्याण्णव मशिनं. उद्या मॅडम आल्या की सांगतो.

बुधवार, १४ फेब्रुवारी

मॅडम संध्याकाळी उशिरा आल्या आणि दमलेल्या होत्या. अशा गोष्टी घाईत सांगायच्या नसतात. आज मी काट्यावर बघून दोन मशिनं तपासली, दोन्ही नापास केली. साहेबांना सांगितलं की व्हॉल्व्हचा हा लॉट वाईट दिसतोय. खोटं काहीच बोललो नाही. आता इथून पुढे तरी वाईट मशिन बाहेर जाणार नाही, ही काही लहान गोष्ट नाही.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

साहेबांच्या केबिनपर्यंत दोनदा गेलो. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा मोकळे होते, "काय हो थर्मामीटर?" असं हसून म्हणाले. मी लॉटबद्दलच बोललो आणि बाहेर आलो. बावीस वर्षं ज्या नावाने लोक हाक मारतात ते एका वाक्यात पुसायचं म्हणजे काय, हे ज्याचं त्यालाच कळतं. शिवाय वकील म्हणतो, सोमवारी मेहुण्याला जामीन मिळेल. तो बाहेर आला की त्याच्याशी आधी बोलून, दोघांनी मिळून काय ते ठरवणं जास्त बरं.

चौऱ्याण्णवातली बरीच मशिनं चांगलीही असतील. सगळे व्हॉल्व्ह वाईट थोडेच असतात. आणि लोक काही रोज मशिनखाली झोपत नाहीत.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

डोकं दुखत होतं. लवकर घरी आलो.

सोमवार, १९ फेब्रुवारी

शनिवारी दुसरं मशिन बसलं. नंबर चारशे बावन्न. नोझलमध्ये गाळ अडकला होता, तो तारेने काढायला एक बाई चौकटीखाली पाय पसरून बसली होती. मांडीला टेकेपर्यंत तिला कळलंच नाही. जीव वाचला, पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. दोन लेकरं आहेत.

कारखान्यात सकाळी हेच चाललं होतं. साहेब म्हणाले, "हेही त्यानेच बसवलेलं. आता कसला जामीन." मी तिथेच उभा होतो. मी म्हटलं, "साहेब, त्याचा दोष नाही. तेल थंड होतं. माझा हात गेलाय."

खोलीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. साहेब उठून जवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मेहुणा आहे, जीव तुटतो, समजतं आम्हाला. पण असं स्वतःवर ओढून घेऊन तो सुटायचा नाही. घरी जा, विश्रांती घ्या."

किती वेळा सांगितलं. कुणाचा विश्वास बसेना. फोरमन म्हणाला, "तुमचा हात चुकला असं तुम्ही सांगितलंत तरी आम्ही मानायचं नाही." कौतुकाने म्हणाला. शेवटी मॅडम म्हणाल्या, "मानू नका. तपासून बघू."

मंगळवार, २० फेब्रुवारी

मॅडमनी तेलाचे तीन पत्र्याचे डबे मांडले आणि माझ्या डोळ्यांवर रुमाल बांधला. साहेब, फोरमन, जुळणीची सगळी पोरं गोल करून उभी. कुणीतरी हळूच म्हणालं, "थर्मामीटर दाखवतील बघ."

पहिल्या डब्याला हात लावला. पाचाला सुटला. "पन्नास," मी म्हटलं. दुसरा. तोही पाचाला. तिसरा सहाला. मी तिन्हींना पन्नास म्हटलं. मला मुद्दाम चुकायचं नव्हतं, उलट मनातून वाटत होतं की एखादा तरी बरोबर यावा.

रुमाल सोडला. अठरा, पस्तीस, पन्नास. तिसरा डबा खरा होता आणि त्याच्यावर सगळ्यात जास्त वेळ हात टिकला होता. पोरं एकेक करून आपापल्या जागेवर गेली.

संध्याकाळी सगळ्या चौऱ्याण्णव ठिकाणी फोन गेले, पंख वर घेऊ नका, मशिन उभं करा. साहेबांनी स्वतः बसून केले.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले साखर, आणि ती आजची नाही, निदान पाच-सहा वर्षांची. हातापायांच्या शिरा बिघडल्यात, त्यामुळे थंडही गरम लागतं. तळव्याला टाचणी टोचली आणि विचारलं कळतंय का. मला वाटलं अजून टोचायचीय.

ही घरी येताना रिक्षात रडली. म्हणाली, "आजारच होता, तुम्ही तरी काय करणार. आणि कळल्यावर एक दिवस थांबला नाहीत, सगळ्यांपुढे जाऊन सांगितलंत. असं कोण सांगतं." तिने माझा हात हातात घेतला. मी तो काढून घेतला नाही.

मेहुणा बुधवारी सुटला. घरी आल्या आल्या मला मिठी मारून म्हणाला, "दाजी, तुम्ही होतात म्हणून." त्याला दोन घास जात नाहीत अजून. सध्या रात्री आमच्याकडेच असतो, झोपेत नळ्यांची टोपणं मोजतो असं ही सांगते.

परत आलेल्या मशिनांपैकी आतापर्यंत सतरा तपासली, मॅडमनी, काट्यावर. पाच नापास.

बुधवार, २८ फेब्रुवारी

आज तपास अधिकाऱ्यांनी बोलावलं होतं, मेहुण्याला आणि मला. त्याची केस मिटवायची म्हणून त्याची सही हवी होती आणि माझा जबाब. छोटी खोली, एक टेबल, आम्ही दोघं शेजारी. अधिकारी सभ्य माणूस. माझं सगळं लिहून घेतलं, वस्तादांची रीत, अडकलेला काटा, आजार. मधे एकदा पेन ठेवून म्हणालेही की तुमच्यासारखी माणसं कमी असतात. मेहुणा माझ्याकडे बघून हसला.

मग म्हणाले, "म्हणजे हात काम करत नाही हे तुम्हाला एकोणीस तारखेला कळलं. सोमवारी."

ते लिहायलाच लागले होते. मी काहीच बोललो नसतो तरी तेच लिहिलं गेलं असतं. ते कागदावर आलं असतं आणि आम्ही दोघं घरी जेवायला गेलो असतो. बावीस वर्षं मी जे मोजलं तेच लिहिलं, असं मला वाटत होतं. हे तर मोजलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं. "तेरा तारखेला."

अधिकाऱ्यांनी वर पाहिलं. "तेरा म्हणजे?"

"त्याच्या आधीचा मंगळवार. थर्मामीटर आला त्या दिवशी. तपासून खात्री केली होती."

ते खोडून परत लिहायला लागले. मेहुणा हळूच म्हणाला, "मंगळवारी मी आत होतो."

"हो."

"त्याच्या आदल्याच दिवशी मी लिहून दिलं होतं, माझी चूक म्हणून. तुम्ही सांगितलं म्हणून."

"हो."

"आणि ती बाई शनिवारी."

त्यालाही मी हो म्हटलं. अधिकाऱ्यांनी कागद पुढे सरकवला, आधी त्याने सही केली, मग मी. बाहेर आल्यावर तो डावीकडे वळला. आमचं घर उजवीकडे आहे. मी हाक मारली नाही.

घरी तीन ताटं मांडलेली होती. हिने विचारलं, तो कुठे राहिला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं, तारखांसकट. मग ती म्हणाली, "त्या मंगळवारी संध्याकाळी मी त्याचा डबा भरत होते. तुम्ही इथेच बसला होतात. मी तुम्हाला विचारलं होतं, आज काय झालं, चेहरा का असा."

"हो."

"आणि तुम्ही म्हणालात, काही नाही."

"हो," मी म्हटलं.

तिने तिसरं ताट उचलून आत ठेवलं, आणि मग दुसरंही.